संगणकाच्या पडद्यावर नागरी अक्षर कसे उमटले



बडनेऱ्याच्या रेल्वे स्थानकावर उतरणारा प्रवासी पाटीवर आपल्या गावाचे नाव नागरीतही वाचतो आणि रोमन अक्षरांतही वाचतो. ती पाटी रंगविणाऱ्या कारागिराला या दोन लिप्यांत श्रमाचा फारसा भेद जाणवत नाही. मात्रा द्यावयाची झाली तर तो हात थोडा वर नेतो, उकार द्यावयाचा झाला तर खाली आणतो, आणि शेवटी सर्व अक्षरांवरून शिरोरेषेचा एकच फराटा ओढतो. लिपी कोणतीही असो, कुंचला तिच्यामागे मुकाट्याने जातो. यंत्राचे मात्र तसे नाही. यंत्राजवळ हात नसतो, आखून दिलेली घरे असतात; आणि ती घरे आखणाऱ्याच्या मनात जी लिपी असेल तीच त्यांत नीट बसते. दुसऱ्या लिपीने तेथे राहावयाचे तर अंग चोरूनच राहावे लागते.

आजचा विषय आहे घरगुती संगणकातील ग्राफिक्स कार्डांचा प्रारंभीचा इतिहास. ग्राफिक्स कार्ड म्हणजे संगणकाच्या पेटीत बसविलेली, तळहाताएवढी किंवा त्याहून थोडी मोठी अशी एक पाटी. संगणकाचे गणित आकड्यांत चालते. त्या आकड्यांचे पडद्यावर दिसणाऱ्या ठिपक्यांत रूपांतर करणे हे या पाटीचे काम. विषयाचे नाव ऐकून कित्येकांना वाटले असेल की हा तर मुलांच्या खेळांचा विषय, त्याच्याशी आपणा प्रौढांचा काय संबंध? मला असे दाखवावयाचे आहे की हा संबंध फार निकटचा आहे. मराठीने यंत्रापुढे मान वाकवावी की यंत्राने मराठीपुढे, हा शंभर वर्षे चाललेला वाद अखेर या पाटीवर निकालात निघाला. आणि तो निकाल लावण्याचे काम पुण्याच्या ज्या संस्थेत झाले, तिचे पहिले संचालक आपल्या शेजारच्या मूर्तिजापूर तालुक्यातले होते.

खिळ्याची अडचण

हा वाद संगणकाच्या फार पूर्वीचा आहे. नागरी छापखान्यात खिळे जुळविणाऱ्याला इंग्रजी खिळे जुळविणाऱ्याच्या मानाने कितीतरी अधिक खण सांभाळावे लागत. साधा हिशेब करून पाहा. चौतीस व्यंजने धरली आणि प्रत्येकाची बारा रूपांची बाराखडी धरली, तर चारशे आठ आकृत्या होतात. आणि यांत एकही जोडाक्षर आलेले नाही. नागरी टंकलेखन यंत्र निघाले तेव्हा ही अडचण आणखी वाढली, कारण त्याच्या कळांवर मोजकीच चिन्हे बसत. मग अक्षरांचे तुकडे करावे लागले: अर्धा म, अर्धा त, सुटा काना, सुटी वेलांटी. त्या तुकड्यांतून जुळविलेले अक्षर वाचता येई, पण ते पाहून डोळ्यांना समाधान होत नसे.

तेव्हा अनेक विचारवंतांना असे वाटू लागले की दोष लिपीतच आहे. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ‘अ’च्या बाराखडीचा पुरस्कार केला, ‘इ’ आणि ‘उ’ यांच्या निराळ्या आकृत्या टाकून ‘अ’लाच वेलांटी आणि उकार द्यावा, म्हणजे खिळे वाचतील, असे त्यांचे म्हणणे. ‘किर्लोस्कर’ मासिकाने तशी अक्षरे छापूनही दाखविली. विनोबांनी लोकनागरी या नावाने सुधारलेली लिपी पुढे मांडली. १९५३ साली लखनौ येथे लिपिसुधारणेची परिषद भरली आणि तीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न देता उजवीकडे द्यावी असे ठरले, कारण यंत्राला ते सोयीचे होते. हा बदल लोकांत रुजला नाही. या मंडळींच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मराठी यंत्रयुगात मागे पडू नये हीच त्यांची तळमळ होती. परंतु त्या साऱ्या विचारामागे एक गोष्ट गृहीत धरलेली होती: यंत्र बदलणार नाही, म्हणून लिपीने बदलले पाहिजे. हे गृहीतक किती खरे होते, ते आता पाहू.

ऐंशी रकाने, पंचवीस ओळी

१९८१ च्या ऑगस्ट महिन्यात आयबीएम या अमेरिकन कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्याच्यासाठी पडदा चालविणाऱ्या दोन प्रकारच्या पाट्या मिळत. एक केवळ अक्षरे दाखविणारी, एकरंगी. तिचे इंग्रजी आद्याक्षरांनी बनलेले नाव एमडीए. दुसरी रंगीत चित्रेही दाखविणारी. तिचे नाव सीजीए.

एमडीए पाटीची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. पडद्यावर आडवे ७२० आणि उभे ३५० ठिपके असत. म्हणजे एकूण २,५२,००० ठिपके. प्रत्येक ठिपका लागलेला की विझलेला याची नोंद ठेवावयाची तर ३१,५०० बाइट एवढी स्मृती लागते. त्या काळी संगणकाची स्मृती महाग होती आणि इतका खर्च अभियंत्यांना परवडणारा नव्हता. म्हणून त्यांनी पडद्याची चौकोनी घरे पाडली: आडवी ऐंशी आणि उभी पंचवीस, म्हणजे दोन हजार घरे. प्रत्येक घरासाठी दोनच बाइट ठेवले. एकात कोणते अक्षर त्याचा क्रमांक, दुसऱ्यात ते ठळक की साधे, अधोरेखित की कसे, याची खूण. चार हजार बाइटांत सारा पडदा सामावला. पाटीवर चार किलोबाइट, म्हणजे ४,०९६ बाइट स्मृती बसविली की काम भागले. जेथे एकतीस हजार लागले असते तेथे चार हजारांत निभावले. काटकसर म्हणावी तर ही!

पण क्रमांकावरून अक्षराची आकृती कोठून यावयाची? त्यासाठी पाटीवर एक कायमची कोरलेली चकती होती. तिच्यात २५६ आकृत्या साठविलेल्या. पासष्ट हा क्रमांक आला की रोमन ‘ए’, सहासष्ट आला की ‘बी’. आपल्या परिचयातली उपमा द्यावयाची तर ही एक २५६ खणांची खिळ्यांची पेटी होती, आणि तिला टाळे ठोकलेले होते. संगणक वापरणारा तिच्यातला खिळा उचलू शके. नवा खिळा घालू शकत नसे.

त्या २५६ खणांत काय काय होते? रोमन मोठी आणि लहान अक्षरे, आकडे, विरामचिन्हे. युरोपातील भाषांची टोप्या घातलेली अक्षरे. काही ग्रीक अक्षरे. चौकटी आखण्यासाठी रेघा. एक हसरा चेहरा. आणि पत्त्यांतले बदाम, चौकट, किलवर व इस्पिक. पत्त्यांच्या चारही रंगांना तेथे घर मिळाले. ‘क’ला मिळाले नाही. यात कोणाचा द्वेष नव्हता. घरे आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आपण नव्हतो, इतकेच.

नागरीला घर का मिळेना

कोणी म्हणेल, टाळे फोडावे, चकती बदलावी, रोमनऐवजी नागरी आकृत्या घालाव्यात. तेवढ्याने काम भागले नसते. अडचणी चार होत्या.

पहिली अडचण संख्येची. बाराखडीच्याच आकृत्या चारशेच्या वर जातात आणि खण २५६; त्यांतले निम्मे तरी इंग्रजीसाठी राखावे लागणार.

दुसरी अडचण उंचीची. सीजीए पाटीवर एका अक्षराचे घर आठ ठिपके रुंद आणि आठ ठिपके उंच असे. रोमन अक्षर त्यात बसते. नागरीला मात्र तीन मजले लागतात: वर मात्रा, रफार, अनुस्वार, मध्ये शिरोरेषेसह अक्षराचे अंग, आणि खाली उकार. आठ ठिपक्यांत तीन मजले बांधावयाचे तर अक्षराच्या अंगाला चार ठिपके उरतात. चार ठिपक्यांत ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे कसे काढणार? एमडीएचे घर नऊ रुंद आणि चौदा उंच होते. ते बरे, पण तरीही दाटीचेच.

तिसरी अडचण शिरोरेषेची, आणि ही मोठी मौजेची आहे. एमडीएच्या घरातील नऊ उभ्या रांगांपैकी शेवटची रांग मोकळी राही, म्हणजे रोमन अक्षरे एकमेकांना चिकटत नसत. रोमनला हे उपकारक. पण नागरीत त्या रिकाम्या रांगेमुळे प्रत्येक अक्षरानंतर शिरोरेषा तुटली असती. चौकटी आखण्याच्या रेघांची हीच अडचण होती, म्हणून १९२ ते २२३ या बत्तीस क्रमांकांसाठी अभियंत्यांनी सवलत ठेवली होती. त्यांच्या बाबतीत आठव्या रांगेचा ठिपका नवव्या रांगेतही उमटे. तक्त्याच्या रेघेला सवलत होती, शिरोरेषेला नव्हती.

चौथी अडचण क्रमाची, आणि खरी अडचण हीच. आपल्याच शेजारचे नाव घ्या: मूर्तिजापूर. यातील ‘र्ति’ हे अक्षर पाहा. उच्चारात आधी र, मग त, मग इ. लिहिताना मात्र इ-काराची वेलांटी सर्वांच्या आधी डावीकडे, मग त, आणि सर्वांत आधी उच्चारलेला र शेवटी उडी मारून डोक्यावर रफार होऊन बसतो. रोमनमध्ये अक्षरे ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने घरांत जाऊन बसतात. आपल्याकडे ऐकण्याचा क्रम आणि पाहण्याचा क्रम निराळा. लखनौच्या परिषदेने वेलांटी उजवीकडे हलविण्याचे ठरविले, ते याच गाठीपाशी अडल्यामुळे.

सयामी विद्यार्थ्याची गोष्ट

ही केवळ आपलीच अडचण नव्हती. वान सुवन्नुकुल नावाचा थायलंडचा एक विद्यार्थी त्या वेळी अमेरिकेत होता. त्याला आपला प्रबंध संगणकावर थाई लिपीत लिहावयाचा होता. थाई लिपी दक्षिण भारतातून तिकडे गेलेल्या ब्राह्मीच्या शाखेतूनच निघालेली. म्हणजे आपल्या नागरीची दूरची चुलत बहीण. तिच्यातही स्वरांच्या खुणा अक्षराच्या वर, खाली, आधी आणि नंतर बसतात. आयबीएमच्या पाटीवर ती उमटेना. तेव्हा या गृहस्थाने स्वतःच नवी पाटी तयार केली.

१९८२ साली ती पाटी हर्क्युलीस या नावाने बाजारात आली. तिची कल्पना सरळ होती: घरांची काटकसर नको, प्रत्येक ठिपक्याला त्याची स्वतःची नोंद द्यावयाची. त्यासाठी चारऐवजी चौसष्ट किलोबाइट स्मृती बसविली आणि ७२० बाय ३४८ ठिपके एकेक करून हुकमतीखाली आणले. (३५० ऐवजी ३४८ का, तर पडद्याच्या ओळी स्मृतीच्या चार भागांत वाटल्या होत्या, आणि ३४८ ला चारने नि:शेष भाग जातो.) शिवाय साधी अक्षरे दाखविण्याच्या कामी ती पाटी एमडीएसारखीच वागे, त्यामुळे जुने काम अडत नसे. १९८३ साली आलेल्या लोटस १-२-३ या हिशेबाच्या प्रसिद्ध आज्ञावलीने या पाटीवर आलेख काढण्याची सोय केली, आणि जगभर तिचा प्रसार झाला. अमेरिकेतील व्यापाऱ्यांनी ती आलेखांसाठी घेतली. जन्म मात्र तिचा एका पौर्वात्य लिपीच्या गरजेतून झाला. ज्यांना आखलेली घरे पुरतात, त्यांना भिंत पाडण्याची कल्पना सहसा सुचत नाही. ज्याचे सामान घरात मावत नाही, त्यालाच ती सुचते.

आता ठिपके हाती आले. ठिपक्यांनी नागरी अक्षर काढता येते, जसे पाटी रंगविणारा कुंचल्याने काढतो. मग प्रश्न सुटला का? नाही. अर्धाच सुटला. कारण ठिपके मांडण्याचे काम आता प्रत्येक आज्ञावलीने स्वतः करावयाचे होते. कचेऱ्यांतून त्या काळी वर्डस्टार, डीबेस, लोटस अशा आज्ञावली चालत. त्या लिहिणाऱ्यांनी ‘काना’ आणि ‘वेलांटी’ हे शब्द कधी ऐकलेले नव्हते. त्या आपल्या नित्याच्या सवयीने दोन हजार घरांत अक्षरांचे क्रमांक टाकीत. त्या सर्व आज्ञावली मराठीसाठी नव्याने कोण लिहिणार?

कानपूरहून पुण्यास

या प्रश्नाचे उत्तर भारतात शोधले गेले. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक आर. एम. के. सिन्हा यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय लिप्या आणि संगणक यांवर बरीच वर्षे काम चालले होते. तेथे १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत नागरी आणि रोमन दोन्ही लिप्या दाखविणारे एक उपकरण तयार झाले. त्या कामात मोहन तांबे हे तरुण अभियंते होते.

१९८८ साली पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे ज्याला सर्वजण सी-डॅक म्हणतात ती संस्था, स्थापन झाली. तिचे पहिले संचालक डॉ. विजय भटकर. त्यांचा जन्म १९४६ साली अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात, मुरंबा या खेड्यात झाला. संस्थेचे मुख्य कार्य महासंगणक बांधण्याचे होते, आणि १९९१ साली परम ८००० हा महासंगणक तयार करून तिने ते पार पाडले. पण त्याच छपराखाली भारतीय लिप्यांचे कामही रुजले. कानपूरचे काम पुण्यास आले आणि मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली ‘जिस्ट’ हे कार्ड सिद्ध झाले. जिस्ट या आद्याक्षरांच्या नावातले पहिले अक्षर ग्राफिक्सचेच आहे.

या कार्डामागचा विचार मोठा सुंदर आहे, आणि तो कोणालाही समजण्यासारखा आहे. अक्षराची आकृती एक गोष्ट आणि अक्षराची ओळख दुसरी. आकृत्या शेकडो असतील. पण ज्या मूळ वर्णांपासून त्या बनतात ते मोजकेच आहेत. क, ख, ग पासून ळ पर्यंतची व्यंजने, स्वर, स्वरांच्या खुणा, अनुस्वार, विसर्ग आणि व्यंजनाचा पाय मोडणारे चिन्ह. हे सारे शंभराच्या आत बसते. तेव्हा संगणकाच्या स्मृतीत आकृती साठवावयाचीच नाही. वर्ण साठवावयाचे, आणि तेही उच्चाराच्या क्रमाने. मूर्तिजापूर हे नाव स्मृतीत असे जाईल: म, दीर्घ ऊकार, र, पायमोड, त, ऱ्हस्व इकार, ज, काना, प, दीर्घ ऊकार, र. अकरा क्रमांक, एकामागून एक, सरळ रांगेत. वेलांटी डावीकडे न्यावयाची, र डोक्यावर चढवावयाचा, शिरोरेषा अखंड ठेवावयाची, हे सगळे दाखविण्याच्या वेळी कार्ड पाहील.

याचा परिणाम असा झाला की जुन्या आज्ञावलीला काहीच बदलावे लागले नाही. ती बिचारी पूर्वीप्रमाणे क्रमांक टाकीत राही. क्रमांकांच्या खालच्या निम्म्या भागात, १२७ पर्यंत, इंग्रजी होते तसेच राहिले. वरच्या निम्म्या भागात भारतीय वर्ण आले. आज्ञावलीला वाटे आपण कोणतीतरी परकी अक्षरे हाताळीत आहो. पडद्यावर मात्र शुद्ध मराठी उमटे. ज्या डीबेसमध्ये मुंबईच्या कचेरीत इंग्रजी नावांची यादी ठेवता येई, त्याच डीबेसमध्ये खेड्यातील खातेदारांची नावे त्यांच्या भाषेत ठेवता येऊ लागली.

या वर्णांचे क्रमांक सर्वांनी एकच वापरावेत म्हणून प्रमाण ठरविण्यात आले. त्याचे नाव इस्की. १९८८ साली ते सिद्ध झाले आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने सुधारून प्रसिद्ध केले. कळफलकाचेही १९८६ साली प्रमाण ठरले, त्याला इन्स्क्रिप्ट म्हणतात. डाव्या हाताखाली स्वर, उजव्या हाताखाली व्यंजने. भारतीय लिप्यांची वर्णमाला मुळात एकच असल्यामुळे ‘क’ची कळ मराठीत जी, तीच तेलुगूत आणि बंगालीत. पाणिनीच्या पूर्वीपासून चालत आलेली वर्णांची शास्त्रशुद्ध मांडणी येथे उपयोगी पडली. लिपी यंत्राला अडसर आहे असे ज्यांना वाटत होते, त्यांना हे उत्तर होते: आकृतीच्या बाजूने पाहिले तर नागरी अवघड, पण वर्णांच्या बाजूने पाहिले तर तिच्याइतकी सरळ लिपी शोधून सापडणार नाही.

पाटी गेली, विचार राहिला

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. १९८४ साली आयबीएमने ईजीए ही नवी पाटी आणली. तिच्यात अक्षरांच्या पेटीचे टाळे निघाले, म्हणजे आकृत्या बाहेरून भरता येऊ लागल्या. १९८७ साली व्हीजीए आली. ६४० बाय ४८० ठिपके आणि सोळा रंग, किंवा ठिपके कमी केल्यास २५६ रंग. संगणकाचा वेगही वाढला. विंडोजसारखी प्रणाली रूढ झाल्यावर घरांचा पडदा मागे पडला. प्रत्येक अक्षर चित्र म्हणूनच काढले जाऊ लागले. जे काम जिस्ट कार्ड वेगळ्या पाटीवर करीत होते ते हळूहळू आज्ञावलीच करू लागली. पाटीची गरज सरली.

परंतु तिच्यामागचा विचार सरला नाही. जगातील सर्व लिप्यांना एकाच क्रमांकमालेत बसविणारे युनिकोड १९९१ साली आले, आणि त्यात नागरीची मांडणी करताना इस्कीचाच १९८८ चा आराखडा घेण्यात आला. विंडोज २००० या प्रणालीत नागरी लिपीची सोय आली, तिच्याबरोबर मंगल हा टंक आला. तो सुलेखनकार प्राध्यापक र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला. आज तुमच्या खिशातील मोबाइलवर ‘मूर्तिजापूर’ टंकलिखित केले की तेच अकरा वर्ण, त्याच उच्चाराच्या क्रमाने साठविले जातात, आणि दाखविण्याच्या वेळीच रफार डोक्यावर चढतो.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

येथे व्याख्यान संपविता आले असते. परंतु या इतिहासातून आपल्यावर येऊन पडणारे एक कर्तव्य आहे, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

विंडोजच्या प्रारंभीच्या काळात अनेकांनी सोपी वाट धरली. वर्ण साठविण्याऐवजी त्यांनी पुन्हा आकृत्यांचे तुकडेच साठविले. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर नागरी तुकड्यांची चित्रे चिकटवून टंक तयार केले. आणि प्रत्येकाची चिकटविण्याची रीत निराळी. कागदावर छापलेला मजकूर सुंदर दिसे. पण संगणकाच्या दृष्टीने तो मराठी नव्हताच. तो अर्थहीन रोमन अक्षरांचा ढीग होता. क्रमांकाला स्वतःचा अर्थ नसतो, अर्थ असतो तो सर्वांनी मान्य केलेल्या कोष्टकाला. इस्कीच्या कोष्टकात १७९ म्हणजे ‘क’. आयबीएमच्या मूळ कोष्टकात १७९ म्हणजे एक उभी रेघ. कोष्टक हरवले की ‘क’ हरवला.

असे कितीतरी मराठी लेखन आज आहे. ग्रंथालयांचे अहवाल, सहकारी संस्थांची इतिवृत्ते, स्मरणिका, कवितासंग्रह, वऱ्हाडी बोलीत कोणी हौसेने टिपून ठेवलेल्या गोष्टी. ज्या टंकात ते जुळविले तो टंक नव्या यंत्रावर नसला, तर धारिका उघडताच कीर्तनाऐवजी गारुड्याचा मंत्र दिसावा तसे काहीतरी दिसते. मराठी मजकूर एका टंकाच्या ओलीस राहिला आहे. तो युनिकोडमध्ये रूपांतरित करणारी साधने आहेत. रूपांतरानंतर डोळ्यांखालून घालून चुका काढाव्या लागतात, हे खरे. पण जुना छापील कागद आणि तो वाचणारा माणूस दोन्ही उपलब्ध आहेत तोवरच हे काम सुकर आहे.

दुसरी गोष्ट आपल्या प्रांताच्या नावाची. ‘वऱ्हाड’ या शब्दात व आणि हा यांमधला अर्धा र डोक्यावर चढत नाही. तो आडवा, पापणीच्या केसासारखा लिहिला जातो. हा र मराठीला लागतो. हिंदीला त्याची गरज नाही. सुदैवाने इस्कीने आणि तिच्यावरून युनिकोडने त्याची सोय ठेवली: खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडला की हा आडवा र मिळतो. पण तोच आकार साध्या र पासून, पायमोडीनंतर एक न दिसणारे जोडचिन्ह देऊनही काढता येतो. डोळ्यांना दोन्ही ‘वऱ्हाड’ सारखेच. यंत्राला मात्र ते दोन निरनिराळे शब्द. एका रीतीने लिहिलेला वऱ्हाड दुसऱ्या रीतीने शोधणाऱ्याला सापडेलच असे नाही. ‘ॲ’ या अक्षराची कथाही अशीच आहे. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक २००८ साली मिळाला, तोवर ते ‘अ’वर चंद्र जोडून लिहावे लागे, आणि दोन्ही पद्धतींचे लेखन आज एकत्र नांदत आहे. म्हणून प्रत्येक संस्थेने आपल्यापुरते तरी ठरवावे की अशी अक्षरे एकाच रीतीने लिहावयाची.

या गोष्टी क्षुल्लक वाटतील. पण ग्राफिक्स कार्डांचा पुढचा प्रवास पाहिला म्हणजे त्यांचे महत्त्व ध्यानात येते. १९९० नंतरच्या दशकात ही कार्डे त्रिमिती खेळांची चित्रे वेगाने काढण्यासाठी वाढली. एका चित्रातील हजारो ठिपक्यांचे गणित एकाच वेळी करण्याची शक्ती त्यांच्यात आली. पुढे ध्यानात आले की ही शक्ती चित्रांपुरती मर्यादित नाही. कोणतेही मोठे, एकसारखे गणित तिच्यावर चालते. आज ज्या यंत्रांना कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात, त्यांची भाषा शिकण्याची कामगिरी मुख्यतः अशाच कार्डांवर चालते. ज्या पाटीवर चाळीस वर्षांपूर्वी ‘क’ला घर नव्हते, तिचे वंशज आता मराठी वाचू पाहत आहेत. परंतु ती वाचतात क्रमांक. योग्य क्रमांकांत साठविलेले मराठी त्यांना वाचता येईल. रोमन ढिगाऱ्याखाली गाडलेले मराठी त्यांच्या लेखी नसल्यासारखेच राहील.

यंत्रासाठी लिपी मोडावी लागेल, असे आपल्या वडीलधाऱ्यांना वाटले होते. एका थाई विद्यार्थ्याने, आणि नंतर कानपूर व पुणे येथील अभियंत्यांनी, यंत्रालाच लिपीपुढे वाकविले. ते कष्टाचे काम त्यांनी केलेले आहे. आपल्या वाट्याला सोपे काम उरले आहे: मराठी योग्य क्रमांकांत लिहिणे, आणि जे चुकीच्या कोष्टकात अडकले आहे ते सोडवून घेणे. येथून घरी गेल्यावर आपल्या संस्थेची जुनी धारिका एकदा उघडून पाहावी, आणि तीत ‘वऱ्हाड’ हा शब्द शोधावा. सापडला, तर उत्तम. न सापडला, तर काम कोठून आरंभावयाचे ते कळेल.